माळढोकाआधी ससा, सशाआधी नाकतोडा

सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजच्या माळावर माळढोक पक्षी दिसला तर आता वर्तमानपत्रात बातमी येते. ससा दिसला तर येत नाही. आणि नाकतोडा दिसल्याचं कुणी कौतुकानं सांगायला गेलं, तर ऐकणारा त्याच्याकडे जरा काळजीनंच बघेल. बातमी न होणाऱ्या या दोघांची वकिली मला करायची आहे. सोलापूरचा माळ वाचवायचा असेल तर सुरुवात यांच्यापासून करायला हवी. माळढोकापासून सुरुवात करून आपण चार दशकांहून जास्त काळ पाहिलं. अभयारण्याचे फलक राहिले, पक्षी गेल्यातच जमा आहे.

तो पक्षी इथे का रमला होता, ते आधी आठवू. १९७२च्या दुष्काळानं सोलापूर जिल्हा खरवडून काढला. पुढे अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून नान्नजच्या आसपासचे उघडेबोडके माळ चराईला बंद केले गेले, गवत पेरलं गेलं, झाडं लावली गेली. जनावरांना वैरण मिळावी आणि माती वाहून जाऊ नये, एवढाच हेतू होता. काही पावसाळ्यांत गवत उभं राहिलं. गवतात किडे वाढले आणि त्या किड्यांवर माळढोक पोसले जाऊ लागले. सोलापूरचे निसर्गअभ्यासक बी. एस. कुलकर्णी यांच्यासारख्यांनी या पक्ष्याकडे लक्ष वेधलं आणि १९७९मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झालं. १९८०च्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं नान्नजला मुक्काम टाकला, असद रहमानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पक्ष्याचा अभ्यास केला. म्हणजे नान्नजचं नाव देशभर झालं ते मुळात वैरणीसाठी राखलेल्या गवतामुळे. ही गोष्ट आपण फार लवकर विसरलो.

अभयारण्य कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटरचं होतं. सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांतली गावंच्या गावं, शेतं, बाजारपेठा, सगळं त्यात. प्रत्यक्षात माळढोकाला उपयोगी गवताळ जमीन म्हणजे त्यातले विखुरलेले तुकडे. जमिनीचे व्यवहार अडले, लोक वैतागले, ‘माळढोक आला की जमीन गेली’ अशी भावना पसरली. अखेर २०१२च्या सुमारास क्षेत्र आकसून १,२२२ चौरस किलोमीटरच्या आसपास आलं. लोकांचा राग मला समजतो. कागदावरच्या रेषेनं त्यांना अडवलं खरं, पण गवताची एक काडी त्या रेषेनं वाढवली नाही. वरच्या एका पक्ष्याच्या नावानं सगळा कारभार चालला आणि खाली तो पक्षी ज्यावर जगतो त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. त्या हिशेबातली दोन मोठी खाती म्हणजे ससा आणि नाकतोडा.

इथला ससा म्हणजे पिंजऱ्यातला पांढरा, लाल डोळ्यांचा पाळीव ससा नव्हे. तो मूळचा युरोपातला आणि बिळं करून राहणारा. आपला माळावरचा ससा दोन-तीन किलो वजनाचा, वाळल्या गवताच्या रंगाचा, लांब पायांचा, आणि दख्खनमध्ये त्याच्या मानेमागे काळा ठिपका. त्याच्या लेपस निग्रिकॉलिस या शास्त्रीय नावातही ती काळी मान आहे. हा बीळ खणत नाही. गवताच्या बुंध्याशी अंग दाबून एक खळगा करतो आणि दिवसभर त्यात कान पाठीवर टाकून पडून राहतो. तुम्ही अगदी पावलाशी जाईपर्यंत हलत नाही. हलला की मग सरळ पळत नाही, वळणं घेत सुटतो आणि पुन्हा कुठल्याशा गवतात दिसेनासा होतो.

आता त्याच गवतातल्या नाकतोड्याकडे बघा. अंगाचा रंग वाळल्या काडीचा. तोही शेवटच्या क्षणापर्यंत हलत नाही, मग उडी मारतो, भलत्याच दिशेला उतरतो आणि काडीला चिकटून पुन्हा काडी होतो. एक सस्तन प्राणी, दुसरा सहा पायांचा कीटक. दोघांच्या वंशांचे रस्ते कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळे झाले. पण माळानं दोघांना एकच युक्ती शिकवली: दबून बस, आणि नाइलाज झाला की उसळ.

त्या उसळीमागची यंत्रणा मात्र वेगवेगळी. सशाचे मागचे पाय पुढच्यांपेक्षा बरेच लांब, सगळी ताकद मांडीत आणि लवचीक पाठीत. नाकतोड्याच्या इवल्या स्नायूला एवढी झटपट ताकद लावणं जमणारं नाही. म्हणून तो आधी पाय दुमडून घेतो, मांडीतले स्नायू सावकाश आवळतो, ती ताकद गुडघ्याजवळच्या कडक पण लवचीक कवचात साठवतो आणि एकदम सोडून देतो. गुलेर ताणून सोडावी तसं. या एवढ्याशा किड्याच्या गुडघ्यावर जगभरच्या जीवशास्त्रज्ञांनी कैक वर्षं घालवली आहेत आणि आपण त्याला चपलेनं बाजूला सारतो.

कानांचीही गंमत आहे. सशाचे कान आपल्याला माहीत आहेत. ते ऐकतात आणि त्यांतल्या रक्तवाहिन्यांमधून अंगातली उष्णताही बाहेर टाकतात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा सोलापुरात हे काम काही छोटं नाही. नाकतोड्याचे कान डोक्यावर नसतातच. पोटाच्या पहिल्या वळ्यावर, पंखाखाली, दोन्ही बाजूंना एकेक पातळ पडदा असतो, त्यानं तो ऐकतो. लहान मुलांना हे सांगितलं की ती पहिला नाकतोडा पकडून त्याचे कान शोधायला लागतात. शाळांनी हा उद्योग जरूर करावा. नंतर त्याला सोडून द्यावं.

पिल्लांच्या बाबतीत तर दोघं अगदी जवळचे वाटतात. पाळीव सशाची पिल्लं बिळात, उघडी-नागडी, मिटल्या डोळ्यांची जन्मतात. आपल्या माळावरच्या सशाची पिल्लं अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊनच येतात, कारण त्यांना लपवायला बीळच नाही. आई सारखी जवळ थांबली तर तिच्या वासानं शिकारी येईल, म्हणून ती दूर राहते आणि पाजायला तेवढी येते. नाकतोड्याचंही तसंच. फुलपाखराला अळी, कोष असे टप्पे असतात. नाकतोड्याचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं ते आईबापाची बारकी, बिनपंखी प्रतच. माळावरच्या अनेक जाती पावसाळ्यानंतर जमिनीत फेसाच्या वेष्टनात अंडी घालतात. ती अंडी हिवाळा आणि उन्हाळा मातीत काढतात आणि मृगाचा पाऊस मुरला की फुटतात. सात-आठ महिने आपण ज्या जमिनीला मेलेली समजतो, तिच्या आत पुढच्या पावसाळ्याचे कितीतरी नाकतोडे वाट बघत असतात. हे वाक्य नांगर, पोकलेन आणि आगपेटी हातात असलेल्या प्रत्येकानं एकदा वाचावं.

आणि खाणं. गवतात सिलिका असते, ती दात झिजवते. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात. एवढ्यानं भागत नाही म्हणून तो पहिल्यांदा पडलेल्या मऊ लेंड्या पुन्हा खातो आणि राहिलेलं सत्त्व काढून घेतो. नाकतोड्याचे जबडेही झिजतात, पण तो वाढताना अनेकदा कात टाकतो आणि प्रत्येक कातीबरोबर जबडा नवा मिळतो. नाकतोडा उन्हानं अंग तापवून दिवसा चरतो, ससा अंधार पडल्यावर. सोलापूरच्या गिरण्यांत चालायच्या तशा दिवसपाळी आणि रातपाळी या एकाच माळावर चालू असतात, आणि दोन्ही पाळ्यांत गवताचं रूपांतर मांसात होतं. माळाचा सगळा संसार त्या मांसावर चालतो.

दिवसपाळीचे गिऱ्हाईक मोजून संपायचे नाहीत. माळढोक आणि तणमोर नाकतोडे वेचतात, माळढोकाचं पिल्लू तर सुरुवातीला किड्यांवरच वाढतं. कोतवाल, खाटीक, नीलपंख, वेडा राघू, धाविक, सरडे हे सगळे त्यात आले. हिवाळ्यात भोवत्या येतात. मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशांतून हजारो किलोमीटर उडून हे शिकारी पक्षी दख्खनच्या माळांवर उतरतात, रात्री गवतात जमिनीवर झोपतात आणि दिवसभर गवतावरून खालून-खालून तरंगत नाकतोडे, उंदीर, छोटे पक्षी टिपतात. त्यांचा व्हिसा, राहणं, जेवण, सगळं या गवतात. रातपाळीचे गिऱ्हाईक म्हणजे लांडगा, कोल्हा, खोकड. सोलापूरच्या लांडग्यांवर संशोधकांनी काम केलं आहे. हा लांडगा जंगलात नाही, शेतं आणि माळ यांच्या मधल्या पट्ट्यात जगतो. काळवीट, ससा, उंदीर मिळाला नाही की तो मेंढरांकडे वळतो. धनगर बांधवांना हे मी काय सांगू? वाघुरीतलं कोकरू जातं तेव्हा नुकसान त्यांचं होतं. माळावर ससे भरपूर असणं ही मेंढपाळाच्या फायद्याची गोष्ट आहे, हा हिशेब आपल्या तालुक्याच्या बैठकांत कधी मांडला जात नाही.

ससा आणि नाकतोडा या दोघांना एकाच प्रकारचं गवत चालत नाही, आणि माझ्या म्हणण्याचा सगळा भार इथे आहे. सशाला दिवसा दडायला गुडघाभर उंचीचं, दाट गवत हवं. रात्री चरायला मात्र आखूड, कोवळं, जिथून लांबवर दिसेल असं. नाकतोड्याला अंडी घालायला मोकळी, ऊन लागणारी माती हवी आणि चरायला व लपायला शेजारी गवताचे झुबके. म्हणजे कुसळी, पवन्या, शेडा, मारवेल यांचे उंच पट्टे, मध्ये चरलेले आखूड पट्टे, मध्ये थोडी उघडी जमीन, अशी ठिगळांची रचना. माळ आळीपाळीनं चरला तर ती आपोआप होते. गुरं-मेंढरं बारमाही एकाच जागी राहिली तर गवत संपतं. कुंपण घालून चराई कायमची बंद केली तरी गवत जुनं, राठ, एकमेकांत गुंतून पडतं आणि हळूहळू झुडपं शिरतात. चराईला शत्रू मानणारे निसर्गप्रेमी आणि चराईला मर्यादाच नको म्हणणारे पुढारी, दोघांचंही सशाशी पटत नाही.

सशाच्या आणि नाकतोड्याच्या मुळावर काय आलं आहे, ते आता सांगतो. पहिला नंबर झाडांचा. हे ऐकून अनेकांना धक्का बसेल. सोलापुरात झाड लावणं म्हणजे पुण्य, आणि जिथे वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे सावलीची ओढ असणं साहजिक आहे. पण गवताळ माळावर दाट झाडं लावणं म्हणजे तिथल्या जिवांना घराबाहेर काढणं. नान्नजच्या आसपासही गिरिपुष्प लावलं गेलं. ते फोफावलं की खालचं गवत मरतं, माती सावलीत थंड राहते, नाकतोड्याची अंडी उबत नाहीत. सशाला लांबचं दिसेनासं होतं. माळढोकासारखा पक्षी तर झाडी वाढलेल्या जागेकडे फिरकतच नाही. राज्यात २०१६मध्ये दोन कोटी, पुढच्या वर्षी चार कोटी, मग तेरा कोटी आणि २०१९मध्ये तेहतीस कोटी झाडांचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. एवढी रोपं लावायला मोकळी जागा हवी, आणि कागदावर सगळ्यात मोकळी जागा म्हणजे माळ. झाडं शाळेच्या आवारात लावा, रस्त्याकडेला लावा, ओढ्याकाठी लावा, बांधावर बोरी-बाभळी राहू द्या, सोलापूर शहरात तर हवी तेवढी लावा. माळावर खड्डे घेऊ नका.

दुसरं संकट सातबाऱ्यातून आणि शासनाच्या नकाशांतून येतं. माळाची गणना पडीक जमिनीत होते. देशभरच्या पडीक जमिनींच्या नकाशात गवताळ प्रदेश याच खात्यात टाकले गेले आहेत, आणि एकदा तिथे नोंद झाली की ती जमीन कुठल्याही कामाला द्यायला मोकळी. सौरऊर्जा, औद्योगिक वसाहत, कचरा डेपो, मुरूम. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गायरान आणि पडीक जमिनींवर सौर प्रकल्प उभे करायचे आहेत. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी हे मलाही हवं आहे. रात्री साप-विंचवाच्या भीतीनं मोटार चालू करायला जाणाऱ्याला ते वेगळं पटवून द्यावं लागत नाही. पण गावात गायरानाचे दोन तुकडे असतील, एक मुरूम काढून मेलेला आणि दुसरा गवताचा, तर पहिला द्या. एवढा फरक करायला कुणी तज्ज्ञ लागत नाही. गावातला कुठलाही गुराखी बोट दाखवून सांगेल. विजेच्या तारांचाही प्रश्न आहे. माळढोक तारांवर आदळून मरतात, म्हणून तारा जमिनीखालून नेण्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, २०२१मध्ये त्यावर मोठा आदेश आला आणि २०२४मध्ये तो बदललाही गेला. तो वाद राजस्थान-गुजरातचा म्हणून आपण वाचला आणि बाजूला ठेवला.

तिसरं पाणी. उजनी धरण १९८०मध्ये पूर्ण झालं आणि जिल्ह्याचा चेहरा बदलला. जिथे ज्वारी, करडई, हुलगा, मटकी होती तिथे ऊस आला. ज्यानं दुष्काळ पाहिला आहे त्याच्यासमोर उसाला नावं ठेवायची माझी हिंमत नाही. नान्नजच्याच नानासाहेब काळ्यांनी सोनाका आणि शरद सीडलेस अशी द्राक्षं दिली. हे गाव माळढोकाइतकंच द्राक्षासाठीही ओळखलं जातं आणि त्याचा अभिमान बाळगायला हवा. पण द्राक्ष, डाळिंब, ऊस या पिकांबरोबर फवारणी आली, बांध नांगरले गेले आणि ज्वारीच्या रानात ससा-नाकतोड्याला जे मधलं रान मिळायचं ते संपलं. फवारा बागेत मारला तरी वाऱ्यानं बांधावर जातो. बांधावरचा नाकतोडा मेला तर तो खाणारा खाटीक उपाशी राहतो, किंवा विषारी नाकतोडा खाऊन आजारी पडतो.

मग कुत्री. गावाबाहेर मटणाच्या दुकानांचा आणि पोल्ट्रीचा कचरा पडतो, त्यावर पोसलेली टोळकी माळावर फिरतात आणि सशाची पिल्लं, काळविटाची पाडसं मारतात. त्यांच्यापासून लांडग्यांना रोगही लागतात. आणि मग रात्री गाडीच्या झोतात, बॅटरीच्या उजेडात ससा मारणारी मंडळी. झोतापुढे ससा जागच्या जागी थिजतो आणि त्याची दबून बसायची सवयच त्याला मारते. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा सशालाही लागू आहे. ससा मारणं गुन्हा आहे. हौसेखातर, पार्टीखातर, मोबाइलवर फोटो टाकण्यासाठी हा गुन्हा करणाऱ्यांत शिकलेली, खिशात पैसा असलेली माणसं असतात. ‘फासेपारध्यांनी संपवलं’ असं म्हणून मोकळं होणं फार सोपं आहे. गुन्हेगार जमाती कायद्याच्या शिक्क्यातून हा समाज १९५२मध्ये सुटला, पण लोकांच्या तोंडून अजून सुटलेला नाही. अकोला-वाशिम भागात याच समाजातल्या लोकांनी तणमोर आणि गवताळ माळ राखण्याचं काम हाती घेतलं आहे. गवतातली पायवाट, विष्ठा, खुणा ओळखण्यात त्यांचा हात धरणारं कोण आहे? सोलापूरच्या माळांवर राखणदार नेमायचे असतील तर पहिला हक्क त्यांचा आणि धनगरांचा.

शेतकरी बांधव इथे मला अडवतील, आणि अडवावंच. ससा हरभऱ्याचे शेंडे खातो, डाळिंबाच्या कोवळ्या रोपाची साल सोलतो. नाकतोडा ज्वारी खातो. खरं आहे. ज्वारीवरचा दख्खनचा बिनपंखी नाकतोडा तर शास्त्राच्या पुस्तकांतही पीक खाणारा म्हणूनच गेला आहे. म्हैसूर संस्थानचे कीटकशास्त्रज्ञ लेस्ली कोलमन यांनी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी त्याचा अभ्यास केला आणि त्याच्या शास्त्रीय नावातच कोलमन यांचं नाव आलं: कोलेमानिया. ज्या जिल्ह्यात मोहोळच्या केंद्रावर मालदांडी ३५-१ निवडली गेली, ज्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिथल्या माणसाला ज्वारीच्या शत्रूवर प्रेम कर असं मी म्हणणार नाही. त्या एका जातीचा उपद्रव वाढला तर उपाय करा, काढणीनंतरच्या नांगरटीनं शेतातली अंडी वर येतात आणि पाखरं ती खातात, हा जुना उपाय आहे. पण माळावरच्या नाकतोड्यांच्या इतर कित्येक जाती ज्वारीकडे ढुंकूनही बघत नाहीत. ज्वारीच्या नाकतोड्याला आवरणारी पाखरं मात्र त्याच माळावर राहतात. मे २०२०मध्ये विदर्भात टोळधाड आली तेव्हा सोलापुरातही अनेकांनी बांधावरचे हिरवे नाकतोडे मारले, हे टोळच म्हणून. वाळवंटी टोळ वेगळा, हजारो किलोमीटर उडणारा. आपला बांधावरचा नाकतोडा एका बांधावरून दुसऱ्या बांधावर जातो, तेवढीच त्याची धाव.

राजस्थानात जैसलमेरजवळ माळढोकांचं कृत्रिम प्रजनन केंद्र चालू आहे. तिथे पिल्लं वाढत आहेत, कृत्रिम रेतनातून पिल्लू जन्माला येण्यापर्यंत काम पोचलं आहे. समजा उद्या त्या केंद्रानं विचारलं, सोलापुरात काही पक्षी सोडायचे आहेत, माळ तयार आहे का? तेव्हा काय सांगणार आपण? अभयारण्याची अधिसूचना पक्ष्याला खायला घालता येत नाही. त्याला पावसाळ्यात नाकतोडे लागतील, आणि नाकतोडे काही निविदा काढून मागवता येत नाहीत. ते आज मातीत असतील तरच उद्या गवतात असतील.

म्हणून मागणं असं आहे. फेब्रुवारी ते मे या काळात माळ पेटवू नका. नवं गवत लवकर फुटावं म्हणून काडी लावतात. आगीत सशाची पिल्लं जातात, गवताचं बी जातं, आणि वारा फिरला तर शेजारची वैरणही. वनखात्यानं हिवाळा संपायच्या आत जाळरेषा काढाव्यात आणि त्या कामाला गावातलीच माणसं लावावीत. आपल्या शेताचा निदान एक बांध नांगराविना आणि फवाऱ्याविना ठेवा. बार्शी रस्त्यानं रात्री जाताना माळाच्या पट्ट्यात गाडी हळू चालवा. मेलेली कोंबडी माळावर टाकू नका. हे सगळं आजपासून करता येतं आणि त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठातल्या आणि जिल्ह्यातल्या महाविद्यालयांतल्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना एक विनंती. दरवर्षी पावसाळ्यानंतर मुलांना ठरावीक माळांवर न्या. चौकटी आखून सशाच्या लेंड्या मोजा, जाळी फिरवून नाकतोडे मोजा, नोंद करा आणि सोडून द्या. खर्च जवळपास शून्य. पाच-सात वर्षं हे आकडे साठले की कुठला माळ जगतो आहे आणि कुठला मरतो आहे, हे कुठल्याही अधिकाऱ्याला टेबलावर दाखवता येईल. माळढोक मोजायला गेलं तर शून्य किंवा एक असा आकडा येतो आणि त्यातून काही कळत नाही. ससा आणि नाकतोडा मोजले तर कळतं.

आणि गावांना. गायरान हा तुमच्या हातातला सगळ्यात मोठा कागद आहे. जगपाल सिंग खटल्यात २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयानं गावाच्या सामाईक जमिनी राखण्याचा निकाल दिला आणि त्याच वर्षी महाराष्ट्र शासनानं गायरानांबाबत आदेश काढला. २००२च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. आपल्या गावची नोंदवही एकदा मागून बघा. त्यात ससा लिहिला आहे का? नाकतोड्याच्या किती जाती? कुसळी आणि पवन्या कुठल्या गटात आहे? बहुतेक ठिकाणी वड, पिंपळ, आंबा यांच्यापुढे यादी सरकलेली नसते. गावातल्या म्हाताऱ्या गुराख्याला आणि मेंढपाळाला सोबत बसवून ती पुरी करा.

जूनमधल्या रोपलागवडीचे खड्डे मे महिन्यातच घेतले जातात, म्हणून १ मेची ग्रामसभा चुकवू नका. तिथे गायरान राखण्याचा ठराव करा, लांबलचक नको. गायरानाचा अमुक गट क्रमांक, अमुक हेक्टर, गवताळ माळ म्हणून राखला जाईल. तिथे वृक्षलागवड, मुरूम उत्खनन, प्रकल्प नाही. चराई पट्टे पाडून आळीपाळीनं, कुठला पट्टा कधी मोकळा हे मेंढपाळ आणि गुराखी मिळून ठरवतील. आग लावणाऱ्यावर आणि शिकार करणाऱ्यावर तक्रार करण्याची जबाबदारी अमुक दोन माणसांची. सह्या घ्या, एक प्रत तहसीलदारांना द्या, एक वनक्षेत्रपालांना, आणि दोन्हीकडून पोच घ्यायला विसरू नका.